पंचेचाळीसच्या अलीकडे

सीईटीचा निकाल लागला, पर्सेंटाइल कळले, कॅप राउंडची धावपळ सुरू झाली, की तीन वर्षांच्या एलएलबीला जाऊ पाहणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. ‘ग्रॅज्युएशनला टक्के फारच कमी आहेत, लॉ मिळेल का?’ यावर उलट एवढंच विचारावं लागतं की कमी म्हणजे नेमके किती? ४६ असतील तर निवांत झोपा. ४४.९ असतील तर मात्र पुढचं सगळं वाचा.

२०१६ मध्ये महाराष्ट्रात कायद्याच्या प्रवेशासाठी सीईटी आली आणि पदवीच्या टक्क्यांची मिजास उतरली. मेरिट लिस्ट आता सीईटीच्या गुणांवर लागते. एटीकेटी सोडवत सोडवत ४७ टक्क्यांनी बी.कॉम. झालेला मुलगा आणि ८५ टक्क्यांची सुवर्णपदकवाली एकाच रांगेत उभे राहतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, पेपर मराठीतूनही असतो. मुंबईचं गव्हर्न्मेंट लॉ कॉलेज किंवा पुण्याचं आयएलएस मिळवायचं, तर तयारी त्या पेपरची करायची. मार्कशीट उगाळत बसण्यात अर्थ नाही. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलनेही २०२२ पासून तीन वर्षांची एलएलबी सुरू केली आणि तिथेही खुल्या गटाला पदवीची अट ४५ टक्क्यांचीच आहे. बाकी सगळं प्रवेश परीक्षेवर. कॉलेजात तीन वर्षं नाटकं केली, नोकरी केली किंवा नुसताच टाइमपास केला, त्यांना एवढी उदार दुसरी संधी फार थोडे अभ्यासक्रम देतात.

उदारपणा ४५ला संपतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या कायदा शिक्षण नियमांतली ही किमान अट आहे: खुल्या गटाला ४५, इतर मागासवर्गीयांना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. विद्यापीठाला हवं तर ती वाढवता येते (दिल्ली विद्यापीठ खुल्या गटाकडे ५० टक्के मागतं), कमी करता येत नाही. गंमत अशी, की मुंबई विद्यापीठात ४० टक्क्यांना माणूस पास होतो. म्हणजे ४० ते ४५च्या पट्ट्यातला खुल्या गटातला पदवीधर बँकेची परीक्षा देऊ शकतो, राज्यसेवेला बसू शकतो, आमदार तर पदवीशिवायही होऊ शकतो; कायद्याच्या वर्गात मात्र त्याला जागा नाही.

आणि ४४.९३ म्हणजे ‘जवळजवळ ४५’ हा युक्तिवाद कायद्याच्या दारात चालत नाही. ओडिशातल्या न्यायाधीश भरतीचं प्रकरण यासाठी मुळातून पाहण्यासारखं आहे. मुख्य परीक्षेत एकूण ४५ टक्के हवे होते. एका उमेदवार महिलेला ७५०पैकी ३३७ गुण मिळाले, म्हणजे ४४.९३ टक्के. हवे होते साडेतीनशेला साडेबारा कमी, ३३७.५. अर्धा गुण! उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला, ४४.९३चे ४५ धरा म्हणून. लोकसेवा आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०११ मध्ये तिथे निकाल फिरला. नियमांत अपूर्णांक पूर्ण करण्याची तरतूद नसेल, तर न्यायालय ती पदरची घालू शकत नाही. तर्क बिनतोड आहे, मान्य. आज ४४.९३ला सोडलं तर उद्या ४४.४ येईल. पण अर्ध्या गुणाने चांगला न्यायाधीश आणि नालायक न्यायाधीश वेगळे होतात, यावर कुणाचा खरोखर विश्वास असेल असं मला वाटत नाही.

त्यात सीजीपीएने आणखी घोळ घातला आहे. मुंबई विद्यापीठाच्या दहा अंकी पद्धतीत ६० ते ७०च्या दरम्यानच्या गुणांना ८ ग्रेड पॉइंट मिळतात, ४५ ते ५०ला ५. अशा वेळी सीजीपीएला सरळ दहाने गुणून फॉर्ममध्ये टक्के भरणारा स्वतःलाच फसवतो. विद्यापीठागणिक सूत्र वेगळं. सीमेवरच्या विद्यार्थ्याने विद्यापीठाचं रूपांतराचं पत्र हातात घेतल्याशिवाय फॉर्म भरूच नये. कागदपत्रांच्या पडताळणीत अर्ज बाद झाला की वर्ष गेलं.

सगळ्यात वाईट वाटतं ते जुन्या पदवीधरांचं. तीन वर्षांच्या एलएलबीला पोलीस, बँक कर्मचारी, निवृत्त कारकून मोठ्या हौसेने येतात. २०१६ मध्ये बार कौन्सिलने तिशीची वयोमर्यादा पुन्हा लादली होती; २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला अटकाव केला. वयाचं विघ्न टळलं, पण मार्कशीटवरचा तीस वर्षांपूर्वीचा ‘पास क्लास’ तसाच राहिला. तेव्हाचा ४३ आणि आजचा ४३ यांना एकच माप लावणं मला तरी पटत नाही. मधल्या काळात गुण किती सैल झाले, हे कोणताही प्राध्यापक सांगेल.

मग करायचं काय? काही विद्यापीठांत वर्गसुधार परीक्षेची सोय असते, तिची मुदत आणि अटी आधी विचारून घ्याव्यात. नाहीतर दुसरी पदवी. दूरशिक्षणाने घेतलेली पदवी बार कौन्सिलला चालते. अडचण फक्त बारावी वगैरे न करता थेट मुक्त विद्यापीठात पदवी मिळवणाऱ्यांची होते. बारावी झालेल्याने नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून बी.ए. केलं तर दार उघडतं, पण तीन अधिक तीन अशी सहा वर्षं मोजावी लागतात. आणि ‘मॅनेजमेंट कोट्यातून करून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर पैसे खिशातच ठेवा. ४५ची अट त्या कोट्यालाही लागू आहे.