ठो! एका छऱ्याचे १२ रुपये ४० पैसे

इनडोअर शूटिंग रेंजवर एकदा जाऊन येणं स्वस्त आहे. दर आठवड्याला जाणं? खिशाला भोक नेमकं कुठे पडतं, त्याचा हा रोखठोक हिशेब.

चौपाटीवर किंवा गावच्या जत्रेत फुगे फोडले नाहीत असा प्राणी आपल्या ऑफिसात सापडणं कठीण. वाकड्या नळीची बंदूक, समोर रंगीत फुग्यांची भिंत, आणि शेजारी गर्लफ्रेण्ड किंवा भाचा यांच्यापैकी कोणीतरी इम्प्रेस व्हायला उभं. दहातले सहा फुटले तरी कॉलर ताठ! इनडोअर रेंजवर पहिल्यांदा जाणारी बहुतेक मंडळी याच भरवशावर जातात. डोक्यात एखादा ॲक्शनपट असतो, कानात पार्श्वसंगीत वाजत असतं.

आत गेल्यावर मात्र भलतंच काहीतरी. लायब्ररीत असते तशी शांतता. एसी चालू, मोबाइल सायलेंटवर. एका रांगेत उभी असलेली माणसं, एक हात खिशात, दुसऱ्या हातात पिस्तूल, आणि मिनिटभर कोणी काही करतच नाही. मग एक बारीकसा ‘फट्’. पुन्हा शांतता. दहा मीटरवरच्या एअर पिस्तुलाच्या टार्गेटमधलं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. रायफलवाल्यांचं तर विचारूच नका. त्यांचा ‘दहा’ हा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका! पेनाने कागदावर टेकवलेला पूर्णविराम तेवढा असतो.

तर अशा या ठिपक्याच्या मागे लागायचं म्हणजे सराव आला. आणि सराव आला की बिल आलं.

पदकांची हवा, क्लासची गर्दी

क्रेझ आली कुठून, हे सांगायला नकोच. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्ण घेतलं. २०१२ मध्ये लंडनला गगन नारंगने ब्राँझ. आणि २०२४ च्या पॅरिसने तर कहरच केला. मनू भाकर दोन ब्राँझ घेऊन आली, आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मारलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. त्यात स्वप्निल रेल्वेत नोकरी करणारा. म्हणजे नोकरदाराला जमतं, असा निष्कर्ष आपण सगळ्यांनी सोयीस्करपणे काढून टाकला.

खरं तर महाराष्ट्राला हा खेळ नवा नाही. अंजली भागवत एनसीसीतून वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर पोचली आणि २००० मध्ये सिडनी ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये खेळली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेतेपद मिळवलं. राही सरनोबतने २०१८ मध्ये एशियाडचं सुवर्ण आणलं. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला जगज्जेता झाला. एवढंच काय, १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचे पहिले अध्यक्षही मूळचे आपल्या कोकणातले, लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर. राष्ट्रीय स्पर्धेआधीची मावळंकर स्पर्धा ती त्यांच्याच नावाची.

पण ही नावं घेताना एक गोष्ट आपण विसरतो. यांच्यापैकी जवळपास प्रत्येकाच्या मागे कोणीतरी खर्चाला उभं होतं. कुठे एनसीसी, कुठे रेल्वे, कुठे सरकारी प्रबोधिनी, कुठे आईवडील. बिंद्राच्या घरच्यांनी तर घरीच एसी रेंज बांधून दिली होती. तुमच्याआमच्या मागे उभी असते ती क्रेडिट कार्डवाल्याची पोरगी, ‘सर, तुमचा ड्यू अमाउंट...’

पेन-कागद काढा

चला, हिशेब करू. रेंजगणिक दर वेगळे असतात, पुणं वेगळं आणि मुंबई वेगळी. म्हणून खालचे आकडे फक्त धरून चालायला घेतलेत. तुमच्या रेंजचे आकडे टाका आणि स्वतःच बघा.

समजा, तुम्ही आठवड्यातून तीनदा एअर पिस्तुलाचा सराव करता. महिन्याला १२ सेशन. तासाला ३०० रुपये, रेंजचं पिस्तूल धरून. झाले ३,६००. एका सेशनला साधारण ७० छर्रे उडतात (स्पर्धेत ६० शॉट्स असतात, त्याआधी थोडे नेम बसवायला), म्हणजे महिन्याला ८४०. मॅचच्या दर्जाचा ५०० छऱ्यांचा डबा १,२०० रुपयांना धरला तर एक छर्रा २ रुपये ४० पैशांना पडतो. एकूण २,०१६. कोचची फी ३,०००. येण्याजाण्याचा खर्च सेशनला १५० धरला, तर १,८००.

बेरीज १०,४१६ रुपये. भागिले ८४०. एक छर्रा झाडायचा खर्च १२ रुपये ४० पैसे!

आता गंमत बघा. ज्याच्या किमतीवरून रेंजवर सगळ्यात जास्त कुरकुर चालते, त्या छऱ्याचा यातला वाटा फक्त २ रुपये ४० पैसे. उरलेले १० रुपये जागेचे, माणसाचे आणि पेट्रोलचे. त्यामुळे ‘जरा स्वस्तातले छर्रे बघू या’ ही आयडिया साफ फुसकी आहे. स्वस्त छर्रे एकसारखे नसतात. मग शॉट बाहेर गेला तर चूक तुमची की छऱ्याची, हे कळायला मार्ग नाही. दोन रुपये वाचवायला जाल आणि बाराच्या बारा वाया घालवाल.

रेंजवाला लुटतो का?

हा प्रश्न मलाही पडला होता. म्हणून जागेचं गणित मांडून बघितलं. एका लेनला रुंदी निदान एक मीटर हवी. लांबी दहा मीटर, शिवाय नेमबाजाला मागे उभं राहायला, सामान ठेवायला आणि टार्गेटच्या मागे जागा. कितीही कंजुषी केली तरी एका लेनला दीडशे-पावणेदोनशे चौरस फूट जातात. तेवढ्या जागेत कॉफी शॉपवाला पाच टेबलं मांडून तासाला वीस गिऱ्हाईकं काढतो. जिमवाला चार ट्रेडमिल टाकतो. रेंजवाल्याच्या लेनवर तासभर एकच माणूस उभा, आणि तोही मिनिटाला एकदा ‘फट्’ करणारा.

वर टार्गेटवर भरपूर आणि एकसारखा प्रकाश लागतो, एसी लागतो, मागे छर्रे अडवणारी भक्कम सोय लागते. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असतील तर ती मशिनं स्वित्झर्लंड-जर्मनीहून येतात आणि त्यांचा हिशेब लाखांत चालतो. म्हणून तर बऱ्याच ठिकाणी अजून कागदी टार्गेट आणि मोटरवर पळणारी दोरी असते. खरं सांगू? पहिलं वर्षभर कागद काही वाईट नाही. स्क्रीनवर ९.७ की ९.९ हे बघत बसायची सवय लागली की पुढच्या शॉटचं वाटोळं होतं.

बालेवाडीसारख्या सरकारी क्रीडासंकुलात किंवा असोसिएशनच्या रेंजवर जागेचं भाडं या हिशेबात येत नाही, त्यामुळे तिथे खर्च आवाक्यात राहू शकतो. फक्त तिथल्या वेळा आपल्या नऊ ते सातच्या शिफ्टशी जुळायला हव्यात. खासगी रेंजवाला तुमच्याकडून जास्त पैसे घेतो ते बरेचसे रात्री साडेआठला दिवा चालू ठेवण्याचे.

दोन लाखांचा प्रश्न

माझी एक मैत्रीण हिंजवडीला सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. वय २७. ऑफिसच्या टीम आउटिंगला रेंजवर गेली आणि अडकली. आता दोन वर्षं झाली. ६०० पैकी साडेपाचशेच्या आसपास स्कोअर येतोय आणि राज्य स्पर्धेत उतरायचं तिच्या डोक्यात पक्कं बसलंय. अडचण एकच. रेंजचं पिस्तूल तिच्यासकट चौघांत फिरतं. आधीच्या बॅचला एक आडदांड मुलगा असतो, त्याच्या हातात बसणारी ग्रिप तिच्या हातात भोपळ्यासारखी. तासातली पहिली दहा-बारा मिनिटं रोज पिस्तूल आपलंसं करण्यात जातात.

स्वतःचं घ्यायचं तर बाहेरच्या नावाजलेल्या कंपन्यांची पिस्तुलं दीड-दोन लाखांच्या घरात किंवा त्याही पुढे. तिच्या आईने याचं भाषांतर लगेच तोळ्यांत केलं. घरात लग्नाचा विषय चालू असताना दोन लाखांची ‘बंदूक’ म्हणजे काय महाभारत झालं असेल, कल्पना करा. (ही एअर पिस्तुलं दबलेल्या हवेवर चालतात. ४.५ मिलिमीटरच्या, ठरलेल्या मर्यादेतल्या शक्तीच्या एअर वेपनला शस्त्रपरवाना लागत नाही. हे आईला पटवण्यात दोन रविवार गेले.)

आम्ही दोघींनी बसून आकडे मांडले. स्वतःचं पिस्तूल आणलं तर तिची रेंज सेशनला १०० रुपये कमी घेते. महिन्याला १,२०० वाचतात. या वेगाने दोन लाख वसूल व्हायला जवळपास चौदा वर्षं लागतील! म्हणजे बचत म्हणून पिस्तूल घेणं हा शुद्ध वेडेपणा. पण दुसऱ्या बाजूने बघितलं, तर वर्षाला दहा हजार शॉट्स, पाच वर्षांत पन्नास हजार, म्हणजे शॉटमागे चार रुपये. त्या चार रुपयांत रोजची दहा मिनिटं परत मिळतात आणि ग्रिप कायम आपल्याच हाताची. स्पर्धा खेळायची असेल तर हा सौदा मला पटतो. वीकएण्डची मजा हवी असेल तर बिलकुल नाही.

आणि हो, पिस्तूल की रायफल, हा निर्णय पहिल्या महिन्यात हौसेने घेऊ नका. रायफलीबरोबर खास जाड जॅकेट, ट्राउझर, बूट, ग्लोव्ह असं सगळं लटांबर येतं, आणि ते मापाचंच लागतं. रायफल स्वतःच पिस्तुलापेक्षा महाग. पिस्तूलवाल्याचं टी-शर्टवर भागतं. पुढे पॉइंट टू-टू किंवा पंचवीस मीटर-पन्नास मीटरची स्वप्नं पडायला लागली तर गोष्टच वेगळी. तिथे परवाना आला आणि एका काडतुसाचा खर्च छऱ्याच्या कितीतरी पट. नामवंत नेमबाजांना आयातीत सवलती मिळतात, पण त्या यादीत जायला आधी राष्ट्रीय पातळीवर तसा स्कोअर मारावा लागतो. आणि तो स्कोअर यायला काडतुसं झाडावी लागतात. बसा गोल गोल फिरत!

फुकटातला फंडा

सगळ्यात भारी सराव मात्र चकटफू आहे. त्याला ड्राय फायरिंग म्हणतात. छर्रा न घालता, भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरायचा, श्वास सांभाळायचा आणि ट्रिगर दाबायचा. आवाज नाही, धक्का नाही. त्यामुळे शेवटच्या क्षणी मनगट कसं हललं ते लख्ख दिसतं. मोठे नेमबाजही हा सराव सोडत नाहीत. मॅचच्या एअर पिस्तुलात त्यासाठी वेगळी सोय असते. कडक स्प्रिंग मोडून भरायच्या साध्या एअरगनवर मात्र हे करू नका, आतल्या भागांची वाट लागते. आणि घरी हातात घेतल्यावर छर्रा नाही ना, हे प्रत्येक वेळी उघडून बघायचं. भिंतीपलीकडे कोणी नाही ना, हेही.

पिस्तूलच नाही? मग लिटरभर पाण्याची भरलेली बाटली घ्या. एअर पिस्तूल साधारण तेवढ्याच वजनाचं असतं. हात सरळ, खांद्याच्या रेषेत, वीस सेकंद. असं दहा वेळा. पहिल्या दिवशी तिसऱ्या वेळेलाच बाटली नाचायला लागते.

मघाच्या हिशेबात तीनपैकी एक सेशन घरच्या सरावाने बदललं, तर महिन्याला चार फेऱ्या कमी होतात. रेंज, पेट्रोल आणि छर्रे मिळून २,४७२ रुपये वाचतात. बिल ७,९४४ वर येतं. सहा महिन्यांच्या बचतीत बऱ्यापैकी शूटिंग शूज येतात, आणि वर मित्रांना पार्टीही होते.

पैसे भरायच्या आधी

तीन महिन्यांचं पॅकेज स्वस्त दिसतं, पण आधी एक-एक सेशनचे पैसे देऊन चार वेळा जा. तुमच्या वेळेला लेन रिकामी मिळते का? तासात कोच प्रत्यक्ष तुमच्या मागे किती मिनिटं उभा असतो? छर्रे बाहेरून आणले तर चालतात की त्यांच्याच काउंटरवरून घ्यायचे? हवा भरायचे वेगळे पैसे आहेत का? लगेच विचारा, लाजू नका.

सेकंडहँड पिस्तूल घेताना पॉलिशकडे बघू नका, हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख बघा. सिलिंडरचं आयुष्य दहा वर्षांचं. मुदत संपलेलं सिलिंडर घेऊन स्पर्धेत उतरता येत नाही, आणि नव्याला चांगलेच पैसे पडतात. माझ्या मैत्रिणीला एक लाख पाच हजारात सांगितलेलं पिस्तूल नवव्या वर्षात होतं. ते तिने सोडलं. आता चौथ्या वर्षातलं एक बघून ठेवलंय, ग्रिप लहान हाताची आहे, आणि मालक हप्त्याने द्यायला तयार आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.

आणि रेंज बघायला जाल तेव्हा बेसिन कुठे आहे ते आधी शोधा. छर्रे शिशाचे असतात. तासभर ते बोटांनी चिवडून तसंच बाहेरच्या गाडीवर वडापाव हाणायचा नसतो. जिथे साबण भरलेला असतो, तिथे बाकीच्या गोष्टीही बऱ्याचदा जागेवर असतात.