कालदान : आधी कोणाला द्यावे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्याचे आवाहन केले. विचुंब्यासारख्या पनवेललगतच्या गावातील उपासकापुढे खरा प्रश्न उभा राहतो तो या विसाव्या भागाच्या विनियोगाचा. विहाराची फरशी आधी, की रुग्णाचे औषध?

मज्झिम निकायातील दक्खिणाविभङ्गसुत्त दानाची श्रेष्ठता घेणाऱ्याच्या योग्यतेवरून ठरविते व संघदानाला अग्रस्थान देते. अङ्गुत्तर निकायाच्या पञ्चक निपातातील कालदानसुत्ताचा निकष मात्र वेळ हा आहे. आगंतुक, प्रवासास निघालेला, रुग्ण आणि दुष्काळग्रस्त यांना दिलेले दान, तसेच नवे धान्य व पहिली फळे प्रथम शीलवंतांना देणे, ही ती पाच कालदाने. यांपैकी पहिल्या चारांत घेणाऱ्याच्या शीलाची चौकशी नाही, हे आपल्याकडे फारसे कोणी लक्षात घेत नाही. धम्मपद-अट्ठकथेत आळवीच्या गरीब शेतकऱ्याची कथा येते. भुकेल्या शेतकऱ्याला भगवंतांनी प्रथम जेवू घातले. देशना नंतर केली.

रायगड जिल्ह्यातीलच उदाहरण घेऊ. महाड म्हटले की आपणांस १९२७ चे चवदार तळे आठवते. त्याच तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने दगावणाऱ्यांचा अभ्यास सुरू केला. या विषाने हृदयावर ताण येतो व फुप्फुसांत पाणी भरते. रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची स्वस्त गोळी वेळेवर दिल्यास रुग्ण वाचतो, हे त्यांनी दाखवून दिले. गंभीर दंशांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा सुमारे ४० वरून १ पर्यंत खाली आले. फरशी वर्षभर थांबू शकते. दंश झालेला माणूस थांबू शकत नाही.

यावर आक्षेप येईल की, रुग्ण तर सदैव असणारच. मग विहार कधी उभा राहावयाचा? आक्षेप रास्त आहे. आळवीच्या कथेतही देशना टळली नाही, केवळ मागे गेली. अग्रक्रम म्हणजे बहिष्कार नव्हे. मात्र बांधकामाचा हिशेब मिटवून उरेल ते रुग्णास, ही आपली रूढ रीत कालदानाच्या कसोटीस उतरत नाही. विहार समितीने वर्षारंभीच रुग्णनिधी वेगळा काढावा. आणि तो पनवेल तालुक्यातील कातकरी व ठाकर वाड्यांनाही, त्यांचा धर्म न विचारता, खुला असावा. सुत्तातील रुग्णाला तरी कोठे जात सांगितली आहे?