आधी इंजिन दाखवा

ऑगस्ट 2020 मध्ये इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमधल्या हिल हेलिकॉप्टर्स या नव्या कंपनीने एका खासगी हेलिकॉप्टरची चित्रं जाहीर केली आणि हौशी वैमानिक हरखून गेले. नाव एचएक्स 50. पाच आसनं, आलिशान मोटारीच्या तोडीची सजावट, ताशी सुमारे 260 किलोमीटर वेग, 1,300 किलोमीटरचा पल्ला आणि किंमत सुमारे पाच लाख पौंड. पहिलं उड्डाण 2022 मध्ये, ग्राहकांच्या हाती 2023 पासून, असं आश्वासन होतं. हजाराहून अधिक जणांनी नावं नोंदवली. 2024 संपलं तरी या हेलिकॉप्टरने जमीन सोडली नव्हती.

विमान उद्योगात उशीर कुणाला चुकलेला नाही. नुसत्या उशिरावरून संस्थापक जेसन हिल यांच्या हेतूवर शंका घेणं अन्यायाचं होईल. शंका घ्यायला हवी ती एका तांत्रिक निर्णयाबद्दल. ही कंपनी हेलिकॉप्टरबरोबर त्याचं टर्बाइन इंजिनही स्वतःच घडवते आहे. जीटी 50 हे त्याचं नाव, ताकद 500 अश्वशक्ती. गिअरबॉक्स, पाती, कॉकपिटमधली उपकरणं, सगळं घरचंच. यामागचं कारण पटण्यासारखं आहे. छोट्या टर्बाइन हेलिकॉप्टरच्या किमतीत इंजिनाचा वाटा मोठा असतो. ते बाहेरून आणलं तर पाच लाखांचा हिशेब जुळत नाही.

पण टर्बाइन इंजिन हे सोपं प्रकरण नाही. बेल 206 या जुन्याजाणत्या हेलिकॉप्टरमधलं, आज रोल्स-रॉइस 250 म्हणून ओळखलं जाणारं इंजिन घ्या. त्यात हवा दाबणारा काँप्रेसर मिनिटाला सुमारे 51 हजार फेरे घेतो. तापलेला वायू पुढे दुसऱ्या टर्बाइनला 33 हजार फेऱ्यांनी फिरवतो. इंजिनातली दातेरी चाकं ही गती सहा हजारांवर आणतात, आणि मुख्य गिअरबॉक्स ती आणखी उतरवून डोक्यावरच्या रोटरला 394 फेरे देतो. गती उतरते तसा टॉर्क वाढत जातो आणि शेवटच्या दात्यांवर तो सगळा भार येतो. तिकडे टर्बाइनची पाती प्रचंड उष्णतेत बाहेरच्या दिशेने ओढली जात असतात. धातू कणाकणाने लांबतो, आणि पात्याचं टोक व भोवतालचं कवच यांच्यातली फट केसाएवढी. अशा इंजिनाला प्रमाणपत्र हवं असेल तर 150 तासांची सहनशक्ती चाचणी द्यावी लागते. नंतर ते पुरतं उघडून एकेक भाग तपासला जातो.

रोटरचीही परीक्षा तितकीच कठोर. मिनिटाला 400 फेरे म्हणजे तासाला 24 हजार. पुढे उडताना प्रत्येक पातं अर्धा फेरा वाऱ्याला सामोरं जातं, अर्धा फेरा वाऱ्याबरोबर मागे येतं. त्यामुळे दर फेऱ्याला त्याच्यावरचा भार चढतो आणि उतरतो. हजार तासांच्या उड्डाणात हे 2 कोटी 40 लाख वेळा घडतं. कोणता भाग किती तासांनी बदलायचा, हे ठरवायला संगणकावरचं गणित पुरत नाही. भाग यंत्रात अडकवून महिनोन्‌महिने हलवत ठेवावे लागतात.

म्हणूनच मुरलेल्या कंपन्याही सगळं एकदम नवं करायला धजत नाहीत. बेलने 2013 मध्ये 505 हे हेलिकॉप्टर जाहीर केलं, तेव्हा रोटर आपल्याच 206 एल-4 चा वापरला आणि इंजिन फ्रान्सच्या साफ्रानकडून घेतलं. 2014 मध्ये ते उडालं, 2016 अखेर कॅनडाचं प्रमाणपत्र मिळालं. फ्रँक रॉबिन्सन यांनी 1973 मध्ये कॅलिफोर्नियातल्या राहत्या घरी कंपनी काढली, तेही नवखेच उद्योजक. पण त्याआधी त्यांनी बेल, ह्यूजसारख्या कंपन्यांत नोकऱ्या केल्या होत्या, आणि आर 22 साठी त्यांनी निवडलं ते लायकमिंगचं साधं, तयार पिस्टन इंजिन. तरी 1975 च्या पहिल्या उड्डाणापासून प्रमाणपत्रापर्यंत पोहोचायला 1979 उजाडलं.

तयार इंजिन घेऊनही दमछाक होते, याचा दाखला स्वित्झर्लंडमध्ये आहे. 2007 मध्ये सुरू झालेल्या मॅरेन्को कंपनीचं हेलिकॉप्टर हनीवेलच्या इंजिनावर 2014 मध्ये उडालं. पुढे कंपनीचं नाव कॉप्टर झालं, 2020 मध्ये ती इटलीच्या लिओनार्दोने विकत घेतली, आणि तेव्हाही प्रमाणपत्र हातात नव्हतं. अमेरिकेतल्या इक्लिप्स 500 या छोट्या जेट विमानाची कथा आणखी बोलकी. स्वस्त विमानाचं सगळं गणित विल्यम्सच्या नव्या इंजिनावर बेतलेलं होतं. 2002 मधल्या पहिल्या उड्डाणानंतर ते अपुरं ठरलं आणि इंजिन बदलावं लागलं. 2006 मध्ये प्रमाणपत्र आलं, 2008 मध्ये दिवाळखोरी. सुमारे 260 विमानं बाहेर पडली. रांगेत उभ्या असलेल्या ग्राहकांच्या आगाऊ रकमा बुडाल्या. एचएक्स 50 चं कामही बव्हंशी ग्राहकांनी आधीच भरलेल्या पैशांवर चाललं असल्याने हा इतिहास त्यांनी वाचायलाच हवा.

आणखी एक मुद्दा याहून गंभीर आहे. एचएक्स 50 पूर्ण प्रमाणपत्राच्या वाटेने येणार नाही. मालकाने कारखान्यात येऊन बांधणीत हात घालायचा आणि यंत्राची नोंद ‘स्वतः बांधलेलं’ अशी करायची, अशी ही योजना. प्रमाणित आवृत्ती, एचसी 50, वेगळी. हौशी बांधणीची सवलत मुळात कॅप्टन अमोल यादव यांच्यासारख्यांसाठी असते. त्यांनी मुंबईत चारकोपच्या गच्चीवर विमान उभं केलं आणि 2017 मध्ये प्रायोगिक गटात त्याची नोंदणी मिळवली. एक माणूस, एक विमान, आणि जोखीमही प्रामुख्याने त्याची स्वतःची. तीच सवलत हजारावर हेलिकॉप्टरांना लावली की तिचा अर्थ बदलतो.

आर 22 ला तर पूर्ण प्रमाणपत्र होतं. तरी हजारो तासांच्या वापरानंतर, अपघातांमागून अपघात झाल्यावर लक्षात आलं की त्याचा हलका रोटर इंजिन बंद पडताच फार झपाट्याने मंदावतो, आणि नवख्या वैमानिकाला सावरायला जेमतेम एखाद-दुसरा सेकंद मिळतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने 1995 मध्ये आर 22 आणि आर 44 च्या वैमानिकांना खास प्रशिक्षण सक्तीचं केलं. एचएक्स 50 चा रोटर अशा क्षणी कसा वागतो, हे आधी कंपनीच्या चाचणी वैमानिकांनी शेकडो तास उडवून मोजायला हवं आणि ते आकडे, इंजिनाच्या चाचणी तासांसह, पैसे भरलेल्या प्रत्येकाला दाखवायला हवेत.