विश्लेषण : वय वाढले की गर्दीत समोरचेही का दिसत नाही?

संध्याकाळी सहाच्या सुमारास दादर स्थानकाच्या पुलावर एक दृश्य हमखास दिसते. सत्तरीतले कुणी आजी-आजोबा इंडिकेटरखाली थबकतात, वर पाहतात, पुन्हा पाहतात आणि गर्दी त्यांना चुकवून पुढे जाते. ‘चष्म्याचा नंबर बदलला असेल,’ असे घरचे म्हणतात. पण अनेकदा नंबर बरोबरच असतो. मग अडते कुठे? उत्तर बऱ्याच अंशी मेंदूतल्या जोडण्यांमध्ये आहे.

दिसणे आणि लक्ष जाणे यांत फरक काय?

हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहिले, तर त्या नखाएवढाच भाग एका वेळी खऱ्या अर्थाने स्पष्ट दिसतो. बाकीचे दृश्य धूसर असते. पुढची नजर कुठे टाकायची, हे मेंदू ठरवतो. या निवडीला दृश्य अवधान म्हणतात. वयानुसार डोळेही बदलतात. बाहुली आकुंचन पावते, भिंग पिवळसर होते. विशीच्या तुलनेत साठीत पडद्यापर्यंत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. मोतीबिंदू असल्यास अडचण आणखी वाढते. म्हणून पहिली तपासणी डोळ्यांचीच हवी. पण ती ठीक असूनही गर्दीत नेमकी वस्तू शोधायला वेळ लागत असेल, तर कारण डोळ्यांच्या मागे असते.

मेंदूतील जोडण्यांत काय बदलते?

मेंदूचे वेगवेगळे भाग एकत्र काम करून जाळी तयार करतात. मेंदूच्या वरच्या-मागच्या आणि पुढच्या भागांना जोडणारे एक जाळे लक्ष कुठे द्यायचे ते सांभाळते. आपण स्वतःच्या विचारांत हरवतो तेव्हा दुसरे, ‘डिफॉल्ट मोड नेटवर्क’ नावाचे जाळे सक्रिय होते. तरुणपणी ही जाळी पश्चिम आणि मध्य रेल्वेसारखी असतात. रूळ वेगळे, दादरसारख्या मोजक्या ठिकाणी गाठभेट. वयानुसार त्यांच्यातील सीमा पुसट होतात. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील संशोधकांनी २०१४ मध्ये २० ते ८९ वर्षे वयाच्या २१० जणांच्या मेंदूंचे स्कॅन अभ्यासले, तेव्हा हेच चित्र दिसले. शिवाय मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण झिजते आणि संदेश हळू पोहोचतात. ही झीज मेंदूच्या पुढच्या भागात जास्त आढळते. उच्च रक्तदाब आणि मधुमेह ती आणखी वाढवतात.

नको ते गाळणे कठीण का होते?

लक्ष देणे म्हणजे हवे ते उचलणे आणि नको ते गाळणे. अ‍ॅडम गझाली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तरुण व ज्येष्ठांना चेहरे आणि निसर्गदृश्ये दाखवली. एक प्रकार लक्षात ठेवा, दुसऱ्याकडे दुर्लक्ष करा, असे सांगितले. हव्या चित्रांवर लक्ष देण्यात ज्येष्ठ कमी पडले नाहीत. मात्र नको असलेली चित्रे दडपणे त्यांच्या मेंदूला जमले नाही. दादरच्या फुलबाजारात हातगाड्या, घोषणा, धक्के आणि फोन एकाच वेळी येतात, तेव्हा नेमके हेच होते. आजोबांना कमी दिसत नाही, नको तेवढे सगळे दिसते.

यात दिलासाही आहे. लालबागच्या मिरची गल्लीत चाळीस वर्षे मसाला घेणाऱ्या बाईंना रंगावरून मिरची लगेच ओळखता येते. अनुभवाने पक्के झालेले ज्ञान फारसे घटत नाही. वेग कमी झाला, तरी ज्येष्ठांचा मेंदू पुढच्या भागाची अधिक मदत घेऊन काम निभावतो, असेही संशोधनात आढळते.

रस्त्यावर परिणाम काय?

समोर पाहताना कडेचे जेवढे टिपता येते, तो आवाका वयानुसार आक्रसतो. चुकीच्या दिशेने येणारी दुचाकी त्यामुळे उशिरा लक्षात येते. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो, असे सर्वसाधारणपणे धरले जाते. अनेक ज्येष्ठ त्याहून हळू चालतात. हिरवा दिवा, गाड्या आणि खड्डा यांवर एकाच वेळी लक्ष ठेवताना तर पाऊल आणखी मंदावते.

हा डिमेन्शिया असतो का?

बहुतेकदा नाही. शोधायला वेळ लागणे हा वयाचा भाग आहे. पण रोजच्या गल्लीत वाट चुकणे, ओळखीच्या वस्तूचा उपयोग न कळणे, हिशेब वारंवार चुकणे ही तपासणीची कारणे आहेत. भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. केईएम, नायर, जे. जे. या सार्वजनिक रुग्णालयांत मेंदूविकार विभाग आहेत. ताटातली डावीकडची भाजी अचानक तशीच राहू लागली किंवा एका बाजूचे दिसेनासे झाले, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी ओपीडीची वाट न पाहता थेट तातडीच्या विभागात जावे. रक्ताची गाठ विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

सरावाने फरक पडतो का?

काही प्रमाणात पडतो. अमेरिकेत ‘अ‍ॅक्टिव्ह’ या चाचणीत ६५ वर्षांवरील २,८०० हून अधिक लोकांपैकी बहुतेकांना स्मरणशक्ती, तर्क किंवा झटपट पाहून ओळखण्याचा सराव देण्यात आला. दहा वर्षांनंतर, २०१४ च्या अहवालात, तर्क आणि वेगाच्या सरावाचा लाभ टिकलेला दिसला. स्मरणशक्तीच्या सरावाचा टिकला नव्हता. मात्र याचा अर्थ मोबाइलवरचा कोणताही ‘ब्रेन गेम’ उपयोगी ठरतो, असा नाही. चालणे, रक्तदाबावर नियंत्रण आणि वेळेवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांचा आधार अधिक भक्कम आहे. ‘लॅन्सेट’ आयोगाने २०२४ मध्ये उपचार न झालेल्या दृष्टिदोषाचा समावेश डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत केला.

शहर आणि घर काय करू शकते?

दादरला पूर्वी पश्चिम आणि मध्य रेल्वेच्या फलाटांना तेच क्रमांक होते. ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झाले आणि एका क्रमांकाचे दोन फलाट उरले नाहीत. शोधताना गाळावे लागणारे पर्याय कमी झाले, की थकलेल्या मेंदूचे काम सोपे होते. मोठी अक्षरे, एका फलकावर एकच सूचना, सिग्नलला थोडी जास्त वेळ आणि मोकळे पदपथ यांचा उपयोग असाच होईल. घरात जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला ठळक पट्टी लावावी, भरपूर उजेड ठेवावा. रस्ता ओलांडताना आजोबांशी बोलणे थांबवावे. आणि ते इंडिकेटरखाली थबकले, तर ‘चला लवकर’ म्हणण्याऐवजी आपणही क्षणभर थांबावे. त्यांना गाडी सापडेल, फक्त थोडा वेळ लागेल.