बाजरी कांडायला शिकताना

सेनेगलमध्ये फातिक शहराच्या आसपासच्या खेड्यांत परक्या माणसाला सगळ्यात आधी शिकावी लागते ती विचारपूस. ‘नांगा देफ?’ (कसं काय?) म्हणून पुढे निघून चालत नाही. घरचे कसे आहेत, रात्र कशी गेली, काम कसं चाललंय, सगळं विचारायचं आणि समोरच्यालाही विचारू द्यायचं. अमेरिकेतल्या एका कॉलेजची मुलं जानेवारीच्या छोट्या सत्रासाठी इथे आली, तेव्हा सोबतीची शिक्षिका म्हणून मी बरोबर होते. सुरुवातीला मुलं तरातरा पाण्याच्या नळाकडे जायची, वाटेत बसलेल्या म्हाताऱ्यांना नुसता हात करायची. ती परतायच्या आत तक्रार घरी पोचलेली असायची: तुमची मुलगी न बोलता गेली. तुमची मुलगी, कारण प्रत्येकाला राहायला एक घर मिळतं आणि त्या घराचं आडनावही मिळतं.

वर्ग सकाळी भरतो. वोलोफ भाषा आणि थोडा इतिहास. खरा अभ्यास मात्र दुपारी घराच्या अंगणात चालतो, आणि शिकवतात घरातल्या बायका.

इथली बाजरी म्हणजे आपल्या भाकरीची बाजरीच. लागवडीच्या बाजरीचे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे पुरावे शेजारच्या मालीत सापडले आहेत. भारतात ती आफ्रिकेतूनच आली. भाकरी मात्र इथे नाही. इथे ‘चेरे’ करतात. दाण्यांवर पाण्याचा हबका मारून लाकडी उखळात कांडायचं, कोंडा सुटला की पाखडायचं, धुऊन निथळायचं, पुन्हा कांडून पीठ करायचं, चाळायचं. मग तुंब्याच्या मोठ्या पात्रात पिठावर थेंब थेंब पाणी शिंपडत तळहाताने ते गोल गोल फिरवायचं, म्हणजे रव्यासारखे बारीक कण वळले जातात. पाणी जरा जास्त झालं की गोळे होतात. कण उकडायला ठेवताना खालचं भांडं आणि वरची चाळण यांच्या सांध्याला पिठाची ओली पट्टी लिंपतात, वाफ जराही बाहेर जाऊ नये म्हणून. शेवटी गोरखचिंचेच्या वाळल्या पानांची पूड घालून पुन्हा एक वाफ. त्या पुडीमुळे चेरे घशाखाली सहज उतरतं.

दोघी-तिघी एकाच उखळात आळीपाळीने मुसळ घालतात. एखादी मुसळ वर सोडून, ते खाली येईतो टाळीसुद्धा वाजवते. आमच्या एका विद्यार्थिनीच्या हाताला पहिल्याच दुपारी फोड आले. तिच्या घरच्या आईने मुसळ काढून घेतलं आणि तिला शेंगा फोडायला बसवलं. पुढच्या पेरणीचं बियाणं होतं ते, त्यामुळे दाणा दुभंगू न देता फोडायचं होतं. तिथेही तिचं काम पुन्हा पुन्हा तपासलं जात होतं.

मुलांना कांडण फार आवडलं, फोटोही भरपूर निघाले. बायकांना विचारलं तर त्यांचं मत स्पष्ट होतं: गिरणी हवी. जिथे डिझेलची गिरणी आली तिथे बायकांचे रोजचे तास वाचले. ‘अस्सल जीवन’ म्हणून मुसळाचं कौतुक करणाऱ्या पाहुण्यांनी हे ऐकून घ्यायलाच हवं, असं मला वाटतं. या पाहुण्यांसारखीच मुलंही येतात ती गावासाठी काहीतरी करून दाखवायच्या, शाळेची भिंत रंगवायच्या इच्छेने. या अभ्यासक्रमात भिंत रंगवत नाहीत, आणि ते फार बरं आहे. घरी जे काम पडेल ते करायचं, एका ताटाभोवती बसून उजव्या हाताने आपल्या बाजूचंच खायचं. मासळी मोडून तुकडे एकेकापुढे सारण्याचं काम घरच्या बाईचं.

सत्र संपताना या बायका आपापल्या मुलाबद्दल बोलतात. विचारपूस करतो का, बाहेर जाताना सांगून जातो का, ताटावर पोटभर जेवतो का, आजारी पडला तर लपवतो का. मी ऐकलेले शेरे प्राध्यापकांच्या शेऱ्यांहून कितीतरी नेमके होते. पण गुणपत्रिकेत त्यांना जागा नाही. घरांना मिळणारे पैसेही कॉलेजच्या हिशेबात राहण्या-जेवण्याचा खर्च म्हणूनच लागतात, शिकवण्याचं मानधन म्हणून नाही. या दोन्ही गोष्टी बदलाव्यात असं मी कॉलेजला लेखी कळवलं आहे आणि पुढच्या सत्राच्या आराखड्यात त्या बायकांच्या शेऱ्यांसाठी वीस गुण मागितले आहेत.