टर्बो घ्यावा की सुपरचार्जर?

दोघांचं काम एकच : इंजिनात जास्त हवा कोंबणं.

● सुपरचार्जर : क्रँकशाफ्टच्या पट्ट्यावर फिरतो. पाय दाबताच जोर मिळतो, पण त्यासाठी इंजिनाचीच ताकद खातो.

● टर्बो : एरवी वाया जाणाऱ्या धुराच्या झोतावर फिरतो. जोर यायला क्षणभर लागतो. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांचं टर्बोचं पेटंट १९०५चं.

● बीड जिल्ह्यातल्या पाटोद्यात : बालाघाट डोंगररांगेचे चढ चढणाऱ्या आजच्या डिझेल जीप, ट्रक बहुतेक टर्बोवालेच.

● काळजी : घाट चढून आल्यावर लगेच इंजिन बंद करू नका, मिनिटभर चालू ठेवा. तापलेल्या टर्बोचं ऑइल अचानक थांबलं, की बेअरिंग जातं.

● कायदा : इंजिनात परस्पर फेरफार केल्यास मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.

निवाडा : कंपनीतूनच टर्बो बसवून आलेली गाडी घ्या.