माजी अध्यक्षांनीं बोलावें कीं गप्प बसावें?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत दर कांहीं वर्षांनीं एक वाद नव्यानें उकरून काढला जातो. अध्यक्षपदावरून उतरलेल्या गृहस्थानें आपल्या जागीं आलेल्या अध्यक्षावर जाहीर टीका करावी कीं नाहीं, हा तो वाद. तो ऐकणाऱ्यास प्रथम असें वाटतें कीं, येथें कांहीं तत्त्वाचा प्रश्न असावा. एका बाजूस पदाची प्रतिष्ठा आणि दुसऱ्या बाजूस नागरिकाचें भाषणस्वातंत्र्य. परंतु वीसपंचवीस वर्षांतील वर्तमानपत्रें एकाशेजारीं एक ठेवून वाचलीं म्हणजे निराळाच प्रकार नजरेस येतो. तत्त्व दोन्ही पक्षांजवळ आहे. पण तें पेटींत घालून ठेवलेलें असतें. विरुद्ध पक्षाचा माजी अध्यक्ष बोलूं लागला कीं तें बाहेर निघतें आणि स्वपक्षाचा बोलूं लागला कीं मुकाट्यानें पुनः आंत जातें. पेटीच्या ह्या उघडझांकीविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

प्रथम कायद्याचें पाहूं. माजी अध्यक्षानें मौन पाळावें, असें अमेरिकेच्या राज्यघटनेंत कोठेंही लिहिलेलें नाहीं. १९५८ सालीं माजी अध्यक्षांस पेन्शन, कचेरी व नोकरवर्ग देणारा कायदा झाला. पेन्शन देतांना देखील तोंड बंद ठेवण्याची अट कोणीं घातली नाहीं. तेव्हां हा सारा प्रश्न रिवाजाचा आहे. आणि रिवाज तरी किती जुना? जॉन क्विन्सी ॲडॅम्स हे १८२९ सालीं अध्यक्षपदावरून उतरले. दोनच वर्षांनीं ते प्रतिनिधिगृहांत निवडून आले व पुढें मरेपर्यंत तेथेंच बसले. ज्या जॅक्सननीं त्यांचा निवडणुकींत पराभव केला होता, त्यांच्याच कारभारावर ह्या वृद्ध गृहस्थांनीं भर सभेंत हल्ले चढविले. १८४६ सालीं मेक्सिकोशीं युद्ध पुकारण्याच्या ठरावाविरुद्धही त्यांनीं मत दिलें. १८४८ च्या फेब्रुवारींत सभागृहांतील आपल्या जागेवरच ते कोसळले आणि दोन दिवसांनीं त्याच इमारतींत त्यांचा अंत झाला. ह्यास मौन म्हणावयाचें असेल तर शब्दकोश बदलावा लागेल!

यादवी युद्ध ऐन भरांत असतांना, १८६३ सालच्या ४ जुलै रोजीं, फ्रँकलिन पीअर्स ह्या माजी अध्यक्षांनीं काँकॉर्ड गांवीं भाषण करून लिंकन ह्यांच्या युद्धनीतीचा कडक निषेध केला. थिओडोर रूझवेल्ट तर त्याहून एक पाऊल पुढें गेले. १९१२ सालीं ते आपल्याच हातानें गादीवर बसविलेल्या टॅफ्ट ह्यांच्याविरुद्ध निवडणुकीस उभे राहिले, आणि १९१८ सालीं, पहिलें महायुद्ध चालूं असतां, अध्यक्ष विल्सन ह्यांच्यावर टीका करूं नये असें म्हणणें हाच अमेरिकन जनतेशीं एक प्रकारचा द्रोह आहे, असें त्यांनीं लिहिलें. विचार मोठा बाणेदार खरा. पण हेच रूझवेल्ट स्वतः अध्यक्ष असतांना पनामा कालव्याच्या व्यवहारावरून न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ पत्रानें त्यांच्या सरकारावर शिंतोडे उडविले, तेव्हां पत्राचे मालक पुलित्झर ह्यांच्यावर सरकारतर्फे बदनामीचा खटला भरण्यांत आला होता. १९११ सालीं सर्वोच्च न्यायालयांत सरकार तो हरलें. खुर्चीवर बसल्यावर आणि खुर्चीवरून उतरल्यावर एकाच मनुष्याचें तत्त्व असें पालटतें, मग दोन पक्षांची काय कथा!

हर्बर्ट हूवर ह्यांनीं १९३४ सालीं, दुसऱ्या रूझवेल्टांचें नांव न घेतां, त्यांच्या ‘न्यू डील’ धोरणावर एक ग्रंथच लिहिला. १९४६ सालीं अन्नटंचाईची पाहणी करीत आपल्या देशांतही आले होते ते हेच हूवर. त्या कामावर त्यांस पाठविणारे अध्यक्ष ट्रूमन हे विरुद्ध पक्षाचे होते, ही गोष्ट आजच्या काळांत मुद्दाम सांगण्याजोगी वाटते.

आतां अलीकडच्या काळाकडे वळूं. कारण पेटीची उघडझांक येथेंच स्पष्ट दिसते. २००७ च्या मे महिन्यांत जिमी कार्टर ह्यांनीं धाकट्या बुश ह्यांच्या परराष्ट्रीय धोरणाचा परिणाम इतिहासांत सर्वांत वाईट ठरला आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले. रिपब्लिकन पक्षांत संतापाची लाट उसळली. व्हाइट हाउसच्या प्रवक्त्यानें तर कार्टर ह्यांस आतां कांहीं महत्त्वच उरलेलें नाहीं असें सुनावलें. दोन वर्षें जातात न जातात तोंच ओबामा अध्यक्ष झाले. बुश स्वतः गप्प राहिले. नव्या अध्यक्षास आपलें मौन मिळालें पाहिजे, असें त्यांनीं २००९ च्या मार्चमध्यें बोलून दाखविलें व तें पाळलें. परंतु त्यांचे उपाध्यक्ष डिक चेनी ह्यांनीं २१ मे २००९ रोजीं, म्हणजे पद सोडून पुरते पांच महिने झाले नव्हते तोंच, कैद्यांची चौकशी व ग्वांटानामोचा तुरुंग ह्या विषयांवर ओबामांविरुद्ध सविस्तर भाषण केलें. आणि तेंही ओबामा त्याच विषयावर बोलले त्याच दिवशीं. कार्टर ह्यांस शिष्टाचार शिकविणाऱ्यांपैकीं अनेकांस ह्या वेळीं त्यांत देशहिताची कळकळ दिसली, आणि कार्टर ह्यांचें कौतुक करणाऱ्यांपैकीं अनेकांस त्यांत औचित्यभंग दिसला.

गोष्ट येथेंच थांबली असती तर ती साधी म्हणावी लागली असती. पण हेच चेनी २०२२ सालीं, वायोमिंग संस्थानांत आपल्या मुलीच्या निवडणुकीकरितां केलेल्या जाहिरातींत, ट्रंप ह्यांच्याहून प्रजासत्ताकास मोठा धोका इतिहासांत झालेला नाहीं असें म्हणाले. २०२४ सालीं त्यांनीं कमला हॅरिस ह्यांना मत देण्याचें जाहीर केलें, आणि त्या पाठिंब्याचा आपणांस सन्मान वाटतो असें हॅरिसबाई म्हणाल्या. इराकच्या युद्धाबद्दल ज्यांनीं चेनींस वर्षानुवर्षें धारेवर धरलें होतें, त्यांच्या पक्षानें त्यांस ओवाळलें. ज्यांनीं डोक्यावर घेतलें होतें, त्यांनीं खालीं टाकलें. आपल्याकडे ह्यास ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचें तें कार्टें’ असें म्हणतात. येथें विशेष इतकाच कीं, मूल एकच आणि तें दोन्ही घरीं नांदून आलें.

२०२० च्या मे महिन्यांत कोरोनाच्या साथीच्या हाताळणीवर ओबामांनीं केलेली खासगी टीका बाहेर फुटली, तेव्हां सेनेटांतील रिपब्लिकन पुढारी मॅकॉनेल ह्यांनीं, ओबामांनीं तोंड बंद ठेवावयास हवें होतें, असें म्हणून बुश पितापुत्रांच्या मौनाचा दाखला दिला. दाखला खोटा नव्हता. परंतु २० जानेवारी २०२१ रोजीं ट्रंप पदावरून उतरले आणि एकोणचाळिसाव्या दिवशीं फ्लॉरिडांतील सभेंत बायडेन ह्यांच्यावर तुटून पडले. पुढें चार वर्षें त्यांत खंड पडला नाहीं. बुश पितापुत्रांचा तो दाखला त्या पक्षांत ह्या वेळीं कोणास आठवल्याचें ऐकिवांत नाहीं. २०२५ च्या एप्रिलमध्यें आधीं ओबामा व मग बायडेन हे पुनः अध्यक्ष झालेल्या ट्रंप ह्यांच्यावर जाहीर बोलले, तेव्हां पारडीं पुनश्च फिरलीं.

हें केवळ ढोंग आहे असें म्हणून मोकळें होतां येईल, पण तें पुरेसें नाहीं. १९५१ च्या नोव्हेंबरांत प्रिन्स्टन व डार्टमथ ह्या दोन विद्यालयांत फूटबॉलचा एक धसमुसळा सामना झाला. हॅस्टॉर्फ व कॅन्ट्रिल ह्या मानसशास्त्रज्ञांनीं त्याचा चित्रपट दोन्हीकडील विद्यार्थ्यांस दाखवून नियमभंग मोजावयास सांगितले. डार्टमथच्या खेळाडूंचे जितके अपराध त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांस दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांस दिसले! मुलें लबाड नव्हतीं. त्यांस खरोखरच तसें दिसलें. २००३ सालीं कोएन ह्या संशोधकानें असें दाखविलें कीं, सार्वजनिक मदतीची तीच योजना ‘आपल्या’ पक्षाची म्हणून सांगितली तर लोकांस पसंत पडते, परक्याची म्हणून सांगितली तर पडत नाहीं. आणि आपण मात्र योजनेचे गुणदोष पाहूनच मत दिलें, असें प्रत्येकास वाटत असतें.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर नांव न घालतां क्रमांक घालावयाचा, ही पद्धत ह्याच दुखण्यावरील औषध होय. शिक्षक अप्रामाणिक असतो म्हणून ती पाडलेली नाहीं. नांव वाचलें कीं प्रामाणिक शिक्षकाचाही हात हलका किंवा जड होतो, म्हणून पाडलेली आहे. राजकारणांत नांव झांकतां येत नाहीं हें खरें. पण माजी अध्यक्षाचें भाषण वाचतांना, हेंच वाक्य विरुद्ध पक्षाच्या माणसानें उच्चारलें असतें तर आपण काय म्हटलें असतें, हा प्रश्न मनाशीं विचारतां येतो. न विचारल्यास नुकसान माजी अध्यक्षाचें होत नाहीं, नागरिकांचें होतें. ती खुर्ची आंतून पाहिलेलीं माणसें कोणत्याही काळीं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच हयात असतात. गुप्त कागद त्यांनीं वाचलेले असतात, सेनापतींचे खरे-खोटे अहवाल ऐकलेले असतात. त्यांची साक्ष बोलण्याचा अधिकार आहे कीं नाहीं ह्याच घोळांत वाया गेली, तर ती तपासावयाची राहून जाते.

अर्थात् सर्वच बोलणें सारखें नव्हे. १९९० च्या नोव्हेंबरांत, आखाती युद्धापूर्वीं, कार्टर ह्यांनीं सुरक्षा समितीच्या सभासद राष्ट्रांच्या प्रमुखांस पत्रें धाडून आपल्याच सरकारच्या ठरावास पाठिंबा देऊं नये असें सुचविलें. स्वदेशांतील लोकांपुढें बोलणें वेगळें आणि परराष्ट्रांस आपल्या सरकाराविरुद्ध गांठणें वेगळें. माझ्या मतें येथें कार्टर ह्यांनीं मर्यादा ओलांडली. ते कोणत्या पक्षाचे होते, ह्याचा त्याशीं संबंध नाहीं.

आणि जशी टीका तशी मौनाचीही पारख करावी लागते. १९६१ च्या एप्रिलमध्यें क्यूबावरील स्वारी फसल्यावर केनेडींनीं आयसेनहॉवर ह्यांस कँप डेव्हिड येथें बोलावून घेतलें. चार भिंतींच्या आंत आयसेनहॉवरनीं त्यांस पुष्कळ उलटसुलट प्रश्न विचारले. बाहेर येऊन लोकांनीं अध्यक्षास साथ द्यावी, एवढेंच सांगितलें. उदार मौनाचें उदाहरण म्हणून ही हकीगत नेहमीं सांगतात. सांगतांना पुष्कळदां इतकेंच राहून जातें कीं, त्या स्वारीच्या तयारीस १९६० च्या मार्चमध्यें मंजुरी दिली होती ती खुद्द आयसेनहॉवर ह्यांनीं.